ॲलिस्टर क्राउली, रॉक स्टार आणि सैतान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रॉक ऐकायला लागलं की कुठल्या ना कुठल्या वळणावर हा टकला, डोळे वटारलेला इंग्रज भेटतोच. कधी बीटल्सच्या कव्हरवर, कधी ऑझी ऑस्बर्नच्या गाण्यात, कधी 'लेड झेपलिनने सैतानाला आत्मा विकला' असल्या व्हिडिओत. त्याच्याबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. काही प्रश्नांची लायकी एका ओळीचीच आहे.

हा क्राउली होता तरी कोण?

जन्म 12 ऑक्टोबर 1875, इंग्लंडमधलं लेमिंग्टन स्पा. घरचा पैसा बिअरच्या धंद्यातला, पण घरातलं वातावरण कडव्या प्लिमथ ब्रदरन पंथाचं. वडील धर्मप्रचार करत फिरायचे. तो अकरा वर्षांचा असताना ते गेले. आई चिडली की पोराला बायबलच्या प्रकटीकरणातलं 'श्वापद' म्हणायची. पोराने ती शिवी पदवीसारखी आयुष्यभर मिरवली आणि त्या श्वापदाचा 666 हा आकडा सहीत वापरला.

केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातून पदवी न घेताच तो बाहेर पडला आणि 1898 मध्ये 'गोल्डन डॉन' या गूढविद्येच्या गुप्त मंडळात शिरला. कवी येट्सही त्याच मंडळात होता; दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. क्राउली कविता करायचा, उत्तम बुद्धिबळ खेळायचा, डोंगर चढायचा आणि वडिलार्जित पैसा पाण्यासारखा उडवायचा. त्यातला बराचसा स्वतःची पुस्तकं स्वतःच छापण्यात गेला. 1904 च्या एप्रिलमध्ये कैरोत सलग तीन दिवस रोज तासभर एका अदृश्य आवाजाने आपल्याला एक ग्रंथ सांगितला, असा त्याचा दावा. त्या ग्रंथावर त्याने 'थेलेमा' हा पंथ उभारला.

'जगातला सर्वांत दुष्ट माणूस' हे बिरुद त्याला कोणी दिलं?

एका इंग्रजी साप्ताहिकाने, 1923 साली. त्यामागची हकिकत नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढच्या पन्नास वर्षांतली त्याची सगळी ख्याती या एका प्रकरणातून निघाली आहे.

1920 मध्ये क्राउलीने सिसिली बेटावरच्या चेफालू गावात एक घर भाड्याने घेतलं आणि त्याला 'थेलेमाचा मठ' असं नाव दिलं. भिंतींवर त्याने स्वतः अश्लील आणि भुताखेतांची चित्रं रंगवली. आत विधी, कामक्रीडा, हेरॉइन, कोकेन आणि भयंकर अस्वच्छता, असं सगळं एकत्र नांदत होतं. त्याची तान्ही मुलगी त्याच वर्षी दगावली. फेब्रुवारी 1923 मध्ये राऊल लव्हडे हा ऑक्सफर्डचा तरुण पदवीधर तिथे मेला. आतड्याच्या संसर्गाने, बहुधा ओढ्याचं दूषित पाणी प्यायल्यामुळे. त्याची बायको बेटी मे लंडनला परतली आणि तिने वर्तमानपत्रांना सांगितलं की नवऱ्याला विधीत मांजराचं रक्त पाजलं होतं. मग काय, लंडनच्या पत्रांची चंगळ झाली. 'जॉन बुल' साप्ताहिकाने ते प्रसिद्ध बिरुद बहाल केलं आणि एप्रिलमध्ये मुसोलिनीच्या सरकारने क्राउलीला इटलीतून हाकललं.

गंमत म्हणजे क्राउलीला या बदनामीचा रागही होता आणि चटकही. 1934 मध्ये एका परिचितेच्या आत्मचरित्रातल्या चेफालूच्या उल्लेखावरून त्याने अब्रुनुकसानीचा दावा लढवला. कोर्टात त्याच्याच कविता त्याच्याविरुद्ध वाचल्या गेल्या, दावा फेटाळला गेला आणि पुढच्या वर्षी तो दिवाळखोर झाला. पैसे संपले. शिल्लक राहिलं ते बदनामीचं भांडवल, आणि त्याचं व्याज त्याच्या मरणानंतर दुसरेच लोक खात राहिले.

मग तो खरंच दुष्ट होता का?

नरबळी, बालहत्या वगैरे नाही. पण 'बिचाऱ्याला पत्रकारांनी बदनाम केलं' असं म्हणणाऱ्या भक्तांवरही विश्वास ठेवू नका. 1905 मध्ये कांचनगंगेच्या मोहिमेत त्याच्याशी भांडून काही जण संध्याकाळी खाली उतरायला निघाले आणि हिमस्खलनात सापडले. अलेक्सी पाश हा गिर्यारोहक आणि तीन हमाल मेले. मदतीच्या हाका ऐकूनही क्राउली तंबूतून बाहेर आला नाही. वर, असल्या अपघाताबद्दल आपल्याला सहानुभूती नाही, असं वर्तमानपत्राला कळवून मोकळा झाला. त्याच्यावर जीव लावणाऱ्या माणसांपैकी फार थोडी धडपणी बाहेर पडली. माझ्या लेखी त्याचा दुष्टपणा तो एवढाच, सैतानापेक्षा कितीतरी साधा: दुसऱ्या माणसाची किंमत नसणं.

'मनाला येईल ते कर' हेच ना त्याचं तत्त्व?

पूर्ण नाही. 'तुझी इच्छा असेल ते कर, हाच सगळा नियम' असं त्याच्या ग्रंथातलं वाक्य आहे. पण इथली इच्छा म्हणजे लहर नव्हे. प्रत्येक माणसाचं एक खरं कार्य असतं, ते शोधावं आणि त्याआड येणारं सगळं बाजूला सारावं, अशी त्याची मांडणी. गीतेतला स्वधर्म आठवला तर फार चुकत नाही, फक्त याच्या स्वधर्माला कुळ, जात, समाज यांपैकी कशाचंच कुंपण नाही. आणि ते शोधायचं कसं, तर रोज ठरल्या वेळी साधना करून आणि प्रत्येक प्रयोगाची वही ठेवून.

साठच्या दशकातल्या पोरांनी ती वही सोडून दिली आणि वाक्य तेवढं घेतलं. त्यांना बाप, चर्च, लष्करभरती आणि ऑफिस या सगळ्यांना एका दमात नकार देणारं वाक्य हवंच होतं.

भारताशी त्याचा काही संबंध?

आहे, आणि तो बऱ्याच मराठी वाचकांना वाटतो त्यापेक्षा दाट आहे. 1901 मध्ये तो श्रीलंकेत कँडीला आपला मित्र ॲलन बेनेट याच्याकडे राहिला आणि आसन, प्राणायाम, धारणा शिकला. बेनेट पुढे ब्रह्मदेशात बौद्ध भिक्खू झाला. क्राउली तिथून भारतात आला, दक्षिणेतली देवळं पाहिली आणि 1902 मध्ये केटू शिखराच्या मोहिमेवर गेला. शिष्यांसाठी त्याने नंतर जी वाचनाची यादी केली तिच्यात स्वामी विवेकानंदांचा 'राजयोग' आहे, 'हठयोगप्रदीपिका' आणि 'शिवसंहिता'ही आहेत.

मुळात पाश्चात्त्य गूढविद्येला पूर्वेचं वेड लावलं ते थिऑसॉफिकल सोसायटीने. ती न्यूयॉर्कला 1875 साली स्थापन झाली. क्राउलीही त्याच वर्षीचा, आणि या योगायोगाचं त्याला फार कौतुक. 1879 मध्ये सोसायटीचे संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट मुंबईला येऊन गिरगावात राहिले आणि सोसायटीचं मासिक तिथूनच सुरू झालं. मद्रासमधल्या अड्यारचं बस्तान नंतरचं. तेव्हा हिप्पी मंडळी साठच्या दशकात 'पूर्वेचं गूढ ज्ञान' शोधत निघाली, तेव्हा त्यांच्या हातातल्या नकाशाचा काही भाग गिरगावात छापलेला होता.

1947 मध्ये मेलेला माणूस वीस वर्षांनी हिप्पींच्या गळ्यातला ताईत कसा झाला?

1 डिसेंबर 1947 रोजी, हेस्टिंग्ज गावातल्या एका बोर्डिंग हाऊसमध्ये, वयाच्या 72 व्या वर्षी तो गेला तेव्हा त्याला मूठभर लोक विचारत होते. पुनर्जन्म झाला तो तीन वाटांनी.

पहिली वाट कॅलिफोर्नियाची. पॅसाडेनात त्याच्या पंथाची एक शाखा होती आणि तिचा म्होरक्या होता जॅक पार्सन्स, अमेरिकेच्या अग्निबाणशास्त्रातला पहिल्या फळीतला माणूस, जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या संस्थापकांपैकी एक. दिवसा घन इंधन, रात्री देवीचं आवाहन. 1946 च्या विधींत त्याचा जोडीदार होता एल. रॉन हबर्ड, पुढे सायंटॉलॉजी हा पंथ काढणारा. दोघांचं शेवटी भागीदारीच्या पैशांवरून फाटलं. 1952 मध्ये घरच्या प्रयोगशाळेतल्या स्फोटात पार्सन्स मेला. चंद्राच्या पलीकडच्या बाजूला एका विवराला त्याचं नाव आहे.

दुसरी वाट केनेथ अँगर या चित्रपटकाराची. 1955 मध्ये तो चेफालूच्या त्या ओसाड घरात गेला, भिंतींवरचा चुना खरवडून क्राउलीची चित्रं बाहेर काढली. लैंगिक वर्तनाचा प्रसिद्ध संशोधक आल्फ्रेड किन्सीही तिथे येऊन गेला. अँगरच्या छोट्या, संवाद नसलेल्या फिल्म लंडन-न्यूयॉर्कच्या पार्ट्यांत दाखवल्या जायच्या आणि पार्ट्यांना रॉकवाले असायचे. माझ्या मते क्राउलीला रॉकमध्ये आणणारा खरा दलाल हाच.

तिसरी वाट साधी, छापखान्याची. 1951 मध्ये जॉन सायमंड्सने लिहिलेलं चरित्र आलं. ते क्राउलीची टर उडवणारं आहे, तरी पोरांनी ते चवीने वाचलं. 1969 मध्ये त्याचं आत्मचरित्र नव्याने निघालं आणि पुस्तकं स्वस्तात मिळू लागली.

'सार्जंट पेपर'च्या कव्हरवर तो का आहे?

1967 च्या त्या अल्बमवर बीटल्सना आवडणाऱ्या किंवा गमतीदार वाटणाऱ्या लोकांची गर्दी आहे. क्राउली वरच्या रांगेत, डावीकडून दुसरा. त्याच्या शेजारी पहिला कोण? योगानंदांचे गुरू श्रीयुक्तेश्वर गिरी. बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसनच्या आग्रहाने आलेल्या चार भारतीय योग्यांपैकी ते एक. महात्मा गांधीही कव्हरवर होते, पण भारतात रेकॉर्ड विकायला अडचण येईल म्हणून कंपनीने त्यांना काढायला लावलं. गांधी नको, क्राउली चालेल, हा हिशेब मला अजून हसवतो.

बीटल्सना थेलेमाशी काही घेणंदेणं नव्हतं. चेहरा मात्र लक्षावधी घरांत पोचला.

जिमी पेज खरोखर मानायचा, की तेही नाटकच?

या यादीत मनापासून गुंतलेला कोणी असेल तर लेड झेपलिनचा हा गिटारवादकच. त्याने क्राउलीची हस्तलिखितं, पहिल्या आवृत्त्या, झगे जमवले. लंडनच्या केन्सिंग्टन भागात 'इक्विनॉक्स' नावाचं गूढविद्येच्या पुस्तकांचं दुकान काढलं. 1970 च्या आसपास स्कॉटलंडमधल्या लॉख नेस सरोवराच्या काठावरचं बोलस्किन हाऊस विकत घेतलं. हे घर 1899 पासून 1913 पर्यंत क्राउलीचं होतं. पेज तिथे फार राहिला नाही. एका मित्राला राखणीला ठेवलं आणि 1992 मध्ये घर विकून टाकलं.

1970 च्या तिसऱ्या अल्बमच्या सुरुवातीच्या प्रतींवर, गाणी संपतात तिथल्या कोऱ्या कड्यात, क्राउलीचं 'तुझी इच्छा असेल ते कर' हे वाक्य कोरलेलं आहे. पेजच्या सांगण्यावरून ध्वनिमुद्रकाने ते हाताने कोरलं. याच अल्बममधलं 'फ्रेंड्स' हे गाणं पेज आणि झेपलिनचा गायक रॉबर्ट प्लँट यांनी 1972 मध्ये मुंबईत इथल्या वादकांना घेऊन पुन्हा मुद्रित केलं होतं. त्याच मुक्कामात कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' क्लबात ते स्थानिक पोरांच्या वाद्यांवर वाजवून गेले. मुद्रण अधिकृतपणे बाहेर यायला 2015 उजाडलं.

पेज श्रद्धेबद्दल बोलायचा फार कमी. क्राउलीने लोकांना मोकळं व्हायला शिकवलं असं काहीसं सांगायचा आणि गप्प बसायचा. ती चुप्पीच कामाला आली. लोकांनी तिच्यात हवं ते भरलं.

लेड झेपलिनला शाप लागला होता म्हणतात...

1975 मध्ये प्लँटचा मोटार अपघात, 1977 मध्ये त्याचा लहान मुलगा गेला, 1980 मध्ये ड्रमर जॉन बॉनम गेला. अँगरने तर 1976 मध्ये पेजशी भांडण झाल्यावर जाहीर शाप दिला होता; भांडण एका फिल्मच्या अपुऱ्या संगीतावरून. बॉनम एका दिवसात व्होडकाचे चाळीसच्या आसपास पेग प्यायला आणि झोपेत उलटीने गुदमरला. शापाची गरज कुठे पडली?

रोलिंग स्टोन्स आणि सैतानाचं ते गाणं?

1968 च्या त्या 'सिम्पथी फॉर द डेव्हिल' गाण्यामागे क्राउली नाही, बुल्गाकोव्हची रशियन कादंबरी आहे. गायिका मॅरिअन फेथफुलने ती स्टोन्सचा गायक मिक जॅगर याला वाचायला दिली होती. अँगरचा स्टोन्सभोवती वावर मात्र होता. 1969 च्या त्याच्या एका फिल्मला जॅगरने मूग सिंथेसायझरवर कर्कश, एकसुरी संगीत दिलं.

6 डिसेंबर 1969 ला कॅलिफोर्नियातल्या ऑल्टमाँटच्या मैफलीत मेरेडिथ हंटर या 18 वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाला हेल्स एंजल्स या बाइकवाल्यांच्या टोळीतल्या एकाने भोसकलं. सैतानाचं गाणं चालू असताना खून झाला, ही दंतकथा. प्रत्यक्षात 'अंडर माय थंब' चालू होतं. दंतकथेमुळे जॅगरला एक काळा झगा मिळाला आणि बंदोबस्त बाइकवाल्यांकडे सोपवणाऱ्यांचा निष्काळजीपणा त्याखाली झाकला गेला. त्यानंतर जॅगरने हे सैतानी फॅड हळूहळू सोडलं.

चर्च ऑफ सेटन क्राउलीनेच काढलं ना?

नाही. ते अँटन लावेने 30 एप्रिल 1966 ला सॅन फ्रान्सिस्कोत काढलं. लावे सैतान खरा मानत नव्हता. त्याचा सैतान म्हणजे अहंकार, भोग आणि धंदेवाईक नाट्य. जेन मॅन्सफिल्ड या नटीचे त्याच्याबरोबरचे फोटो गाजले, आणि जून 1967 मध्ये ती मोटार अपघातात गेली तेव्हा शापाची बातमी आपोआप शिजली. सॅमी डेव्हिस ज्युनियरला 1973 मध्ये मानद सदस्यत्व मिळालं. दोन्ही बाजूंना फोटो हवे होते, ते मिळाले.

ब्लॅक सॅबथ, ऑझी, बोवी यांचं काय?

सॅबथ म्हणजे बर्मिंगहॅमच्या कारखानावस्तीतली चार पोरं. नाव बोरिस कार्लोफच्या एका भयपटावरून उचललेलं. पहिला अल्बम 13 फेब्रुवारी 1970 ला, शुक्रवारी. त्याच्या आतल्या पानावरचा उलटा क्रूस कंपनीने परस्पर छापला. बँडवाले गळ्यात घालायचे ते क्रूस सरळ होते. गाणी नीट ऐकलीत तर ती सैतानाला घाबरणाऱ्या माणसाची आहेत. सॅबथचा जुना गायक ऑझी याचं 1980 चं 'मिस्टर क्राउली'सुद्धा स्तोत्र नाही. त्यात क्राउलीला प्रश्न विचारले आहेत, आणि रँडी ऱ्होड्सचं गिटार त्या प्रश्नांपेक्षा फार वरचं आहे.

गायक डेव्हिड बोवीचं प्रकरण वेगळं आणि दुःखद. 1971 च्या 'क्विकसँड'मध्ये तो गोल्डन डॉन आणि क्राउलीची नावं हुशारीने पेरतो. 1975 मध्ये लॉस एंजलिसमध्ये मात्र, कोकेनच्या आहारी जाऊन, हाडकुळा झालेला बोवी या सगळ्याला खरोखर भ्यायला लागला होता. त्या काळात केलेल्या 'स्टेशन टु स्टेशन'मध्ये कबाला या यहुदी गूढविद्येची परिभाषा आहे. तो अल्बम केल्याचं आपल्याला धड आठवतही नाही, असं तो पुढे सांगायचा.

या सगळ्यात बायका कुठे होत्या?

कामाला. कैरोत 'ते तुझी वाट पाहताहेत' असं सांगून सगळं सुरू केलं ते क्राउलीच्या पहिल्या बायकोने, रोझ केलीने. तिला पुढे दारूपायी मनोरुग्णालयात जावं लागलं. चेफालूचा मठ चालवला लिया हर्सिगने; क्राउलीने तिलाही टाकलं.

फ्रिडा हॅरिसचं उदाहरण त्यातल्या त्यात बरं. 'थॉथ टॅरो' म्हणून आज विकल्या जाणाऱ्या, भविष्य सांगायच्या पत्त्यांची 78 चित्रं तिने 1938 ते 1943 या काळात काढली, काही पत्ते पुन्हा पुन्हा. क्राउलीला वर खर्चाला पैसेही दिले. खोक्यावर मोठं नाव त्याचंच. नवरा गेल्यावर ती भारतात आली आणि 1962 मध्ये श्रीनगरला वारली. पत्ते बाजारात आले 1969 मध्ये.

गाणी उलटी वाजवली की सैतानाचे संदेश ऐकू येतात का?

आधी कोणी सांगितलं तर येतात. न सांगता ऐका.

पण हसण्यावारी नेऊ नका, कारण ऐंशीच्या दशकात अमेरिकेत सैतानाच्या या भीतीने माणसं तुरुंगात गेली. कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीच्या चालकांवर 1983 पासून सैतानी विधी आणि लैंगिक अत्याचाराचे आरोप झाले. 1990 मध्ये खटला संपला तेव्हा एकही दोषी ठरला नव्हता. आर्कान्सामधल्या वेस्ट मेम्फिसला 1993 मध्ये तीन मुलांचे खून झाले आणि डेमियन एकोल्स या काळे कपडे घालणाऱ्या, मेटल ऐकणाऱ्या पोराला दोन मित्रांसह पकडलं. कोर्टात त्याला क्राउलीबद्दल प्रश्न विचारले गेले. त्याला मृत्युदंडाची शिक्षा झाली. 18 वर्षांनी, 2011 मध्ये, तिघे सुटले. पेजला ज्या नावामुळे दबदबा मिळाला, त्याच नावाने गरीब घरातल्या एकोल्सला मृत्युदंडाच्या कोठडीत पोचवायला मदत केली.

आणि इल्युमिनाटी?

जर्मनीतल्या बव्हेरियात 1776 ला निघालेलं गुप्त मंडळ, दहा वर्षांच्या आत सरकारने बंद पाडलं. पॉप गायकांनी हाताचा त्रिकोण, म्हणजे या मंडळाची म्हणून सांगितली जाणारी खूण, केली की फुकट प्रसिद्धी मिळते, हे त्यांना ठाऊक आहे.

महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आहे. असली पुस्तकं, पत्ते, टी-शर्ट ठेवणं गुन्हा ठरतं का?

नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 मध्ये झालेल्या या कायद्याला अनुसूची आहे आणि तिच्यात नेमकी कृत्यं दिली आहेत: भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, अलौकिक शक्तीचा दावा करून फसवणूक वा लैंगिक शोषण, नरबळी वगैरे. वाचन, संगीत, खासगी श्रद्धा तिच्यात येत नाही. 'मी सांगतो तो विधी कर, पैसे दे, शरीर दे' म्हणणारा कोणी भेटला तर मात्र पोलीस ठाणं गाठा. तो क्राउलीचं नाव घेतो की कुठल्या बाबाचं, याने फरक पडत नाही.

सुरुवात कुठून करू?

आधी अँगरच्या फिल्म. चाळीस मिनिटांपेक्षा लांब एकही नाही. मग 'ल्युसिफर रायझिंग'साठी पेजने केलेलं आणि अँगरने नाकारलेलं संगीत ऐका, ते पेजने 2012 मध्ये स्वतःच प्रसिद्ध केलं. त्यात तानपुऱ्यासारखा घुमणारा एकच स्वर लांबवर चालतो, झेपलिनची सवय असलेल्यांनी धीर धरावा. क्राउलीच्या कविता वगळल्या तरी चालतील. आत्मचरित्र जाडजूड आहे, त्यातला केटूचा भाग आधी वाचा: 1902 मध्ये ते साडेसहा हजार मीटरच्या आसपास पोचले होते आणि तिथली थंडी, उवा, भांडणं त्याने झकास लिहिली आहेत. कांचनगंगेचं प्रकरण वाचताना सोबत्यांनी दिलेली हकिकत शेजारी ठेवा.